असू दे, लागेल कधीतरी

मराठी माणसाच्या घरात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, ‘असू दे, लागेल कधीतरी.’ आम्हां कोकणातल्या लोकांचे माळे या एका वाक्याच्या आधारावर उभे आहेत. चिपळुणातल्या आमच्या घराच्या माळ्यावर एक तीन पायांचं स्टूल होतं. त्याच्या शेजारी एक सुटा पाय होता. तो त्या स्टुलाचा नव्हता. छत्र्यांच्या काड्या होत्या, झाकणं नसलेल्या बरण्या होत्या आणि बरण्या नसलेली झाकणं होती. पण दोघांचा मेळ बसत नव्हता. बसला असता तर ती माळ्यावर गेलीच कशाला असती?

परंतु आज माझं भांडण या माळ्याशी नाही. त्यावर चढायला निदान शिडी तरी लागते. माझं भांडण आहे ते टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेल्या माळ्याशी. तो बटण दाबल्याबरोबर अंगावर कोसळतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आमचा पहिला कॉम्प्युटर 2021 च्या पुरात गेला. म्हणून दुसरा घेतला, तोही जुनाच. त्यात विंडोज 10 होतं. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने त्या विंडोजची नेहमीची देखभाल थांबवली, आणि विंडोज 11 ला आमच्या यंत्राचं वय पसंत पडेना. म्हणजे यंत्र धडधाकट, पण सक्तीने सेवानिवृत्त. अशा वेळी दिवाळीला पुण्याहून भाचा आला. म्हणाला, “मामा, टाकू नका. मी लिनक्स घालून देतो. फुकट आहे.”

फुकट म्हटल्यावर बँकेतला माणूस दोन शंका काढतो आणि कोकणातला माणूस हो म्हणतो. माझ्यात त्या दिवशी कोकणातला माणूस वरचढ ठरला.

लिनक्स वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर त्याचे भक्त माझ्या घरावर मोर्चा आणतील. 1991 मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेलं हे काम आज जगातली असंख्य यंत्रं चालवतं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे. आमचं थकलेलं यंत्र चक्क पळायला लागलं. पण भाच्याला वाटलं, हे अजून जोरात पळेल. म्हणून त्याने पहिल्या डेस्कटॉपच्या जोडीला दुसरा, अंगाने हलका डेस्कटॉप बसवला.

“मग पहिला काढलास का?” मी विचारलं.

“असू दे मामा, लागेल कधीतरी.”

रक्ताचं नातं असं अवचित उघडं पडतं.

आता हा डेस्कटॉप काय प्रकार आहे? लिनक्सच्या जगात पडद्यावरचा संसार, म्हणजे खिडक्या, मेनू, बटणं, हे सारं वेगवेगळी मंडळी वेगवेगळं तयार करतात. केडीई 1996 मध्ये निघालं, ग्नोम 1997 मध्ये. पुढे आणखीही निघाले. प्रत्येकाने आपापला कॅल्क्युलेटर, आपापली लिहायची वही, आपापलं फोटो बघायचं यंत्र घडवलं. यात गैर काही नाही. वेगळी चूल मांडली की वेगळा तवा लागतोच. पुढे या मंडळींनी मेनूचे समान नियमही ठरवले, म्हणजे एकाचं सामान दुसऱ्याच्या घरातही चालावं. हेतू उत्तम! पण परिणाम असा की, दोन बिऱ्हाडं एका यंत्रात राहायला आली की दोघांची भांडीकुंडी एकाच मांडणीवर येऊन बसतात.

मी मेनू उघडून मोजदाद केली. एकाहत्तर नगं भरली. कॅल्क्युलेटर दोन, फायली उघडायची कपाटं दोन, फोटो बघायची यंत्रं तीन, सिनेमा बघायची दोन, मजकूर लिहायच्या वह्या तीन. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायच्या खिडक्याही तीन. आमच्या घरात हुकूम सोडणारी व्यक्ती एकच आहे आणि तिला खिडकी लागत नाही.

मी कॉमर्सचा पदवीधर. दुहेरी नोंदीची पद्धत इटलीच्या लुका पाचिओलीने 1494 मध्ये पुस्तकात मांडली, ती आजही जगात चालू आहे आणि माझं पोटही तिच्यावरच चालू आहे. पण दुहेरी नोंद म्हणजे एकच रक्कम दोनदा लिहिणं नव्हे. आमच्याकडे कुणी तसं केलं तर आधी चौकशी होते, मग बदली.

नावांची तर बातच सोडा. फायली उघडायच्या प्रोग्रॅमचं नाव डॉल्फिन आणि मजकूर लिहायच्याचं केट! आमचे अण्णा एके दिवशी बसल्या जागेवरून मोठ्यांदा म्हणाले, “अरे, ही केट कोण? सकाळपासून दोनदा आली.” स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. आईची समजूत घालायला मला अर्धा तास लागला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पुढचं नव्हतं.

अण्णा निवृत्त शिक्षक. वय एकोणऐंशी. भाच्याने त्यांना सांगितलं होतं, “आजोबा, तुमच्या पुराच्या आठवणी लिहून ठेवा ना.” नातवाचा शब्द! अण्णांनी एका बोटाने मराठी टाइप करायला सुरुवात केली. रोज सकाळी चहा झाला की तासभर. महिन्याभरात अकरा पानं झाली. मग एका सकाळी त्यांचा हात जरा घसरला आणि त्यांनी वह्यांपैकी दुसरी उघडली. नाव जवळपास तेच, पेन्सिलीचं चित्रही तसंच. पण पहिलीत आधीच्या फायलींची यादी दिसायची, हिच्यात ती रिकामी. अण्णांनी यंत्र बंद केलं, चष्मा घडी घालून ठेवला आणि ते ओटीवर जाऊन बसले. कुणाला काही बोलले नाहीत.

आठ दिवस ते कॉम्प्युटरकडे फिरकले नाहीत, तेव्हा मी विचारलं. म्हणाले, “गेलं सगळं. माझंच काहीतरी चुकलं असणार. वय झालं आता.”

हे वाक्य माझ्या चांगल्या परिचयाचं आहे. बँकेच्या काउंटरवर मी ते रोज ऐकतो. चार खिडक्या, सहा रंगांच्या स्लिपा, आणि समोर गोवळकोटहून किंवा पेठमापातून आलेली एखादी आजी. ती चुकीची स्लिप भरते आणि वर आमचीच माफी मागते, “माझंच चुकलं हो.” अहो आजी, सहा रंगांच्या स्लिपा तुम्ही छापल्यात का? पसारा मांडणारा निर्धास्त आणि पसाऱ्यात हरवणारा अपराधी, असा हा न्याय आहे. माझा राग आहे तो या न्यायावर.

भाच्याला फोन लावला. त्याने तीन मुद्दे मांडले आणि ते मी क्रमाने खोडतो.

मुद्दा पहिला : “मामा, डिस्कवर जागा भरपूर आहे. हे प्रोग्रॅम कितीसे जागा खातात?” बाबा रे, जागा डिस्कवरची जात नाही, डोक्यातली जाते. आणि एकोणऐंशीव्या वर्षी नवी डिस्क बसवून मिळत नाही.

मुद्दा दुसरा : “मेनूत शोधता कशाला? नाव टाइप करा, लगेच येतं.” फार छान! पण टाइप करायला नाव माहीत हवं. फोटो बघायचा असताना एखाद्या देवमाशाचं नाव आठवावं लागेल, हे अण्णांना कसं सुचणार? मेनू हा ज्याला नाव माहीत नाही त्याच्यासाठीच असतो. ज्याला नाव माहीत आहे तो हॉटेलात पाटी न वाचता मिसळ मागवतो.

मुद्दा तिसरा, आणि हा खरा : “मामा, हे स्वातंत्र्य आहे. चॉइस आहे.” इथे मी क्षणभर थांबलो, कारण स्वातंत्र्य म्हटलं की मराठी माणसाला टिळक आठवतात आणि तो गप्प बसतो. पण निवड करणं वेगळं आणि निवड न करता सगळंच ठेवणं वेगळं. दोन्ही कॅल्क्युलेटर मेनूत ठेवणाऱ्याने निवड केलेली नाही. निवडायचं काम त्याने पुढच्या माणसावर ढकललं आहे. आमच्याकडे याला ‘फाइल पुढे सरकवणे’ म्हणतात.

विंडोजवाल्यांनी मात्र हसू नये. त्यांच्याकडे कंट्रोल पॅनल आणि सेटिंग्ज ही दोन दुकानं कित्येक वर्षं शेजारी शेजारी चालू आहेत, आणि हवा असलेला माल नेहमी दुसऱ्या दुकानात असतो.

मग काय, सगळं उपटून फेकायचं? नाही. तिथेही धोका असतो. प्रोग्रॅम एकमेकांवर अवलंबून असतात. एक ओढला की त्याच्यामागून पाच येतात, आणि त्यांत एखादा नेमका कामाचा निघतो. यावरचा तोडगा माझ्या बँकेत होता.

तुमच्या बचत खात्यावर दोन वर्षांहून अधिक काळ तुम्ही काहीच उलाढाल केली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते खातं ‘निष्क्रिय’ ठरतं. म्हणून आम्ही ते मिटवून टाकत नाही. ते वेगळ्या वर्गात जातं. दहा वर्षं कुणी दावा केला नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या ठेवीदारांच्या निधीत जाते, पण तिथूनही ती मागता येते. म्हणजे पैसा सुरक्षित, हक्क शाबूत, आणि रोजच्या वाटेत अडथळा नाही.

अगदी हीच सोय मेनूतही आहे. प्रत्येक प्रोग्रॅमची मेनूतली नोंद म्हणजे एक छोटी फाइल असते, बँकेतल्या खातेपत्रकासारखी. तिच्यात नाव, चित्र, आणि कोणत्या खान्यात बसायचं ते लिहिलेलं असतं. सर्वांसाठीच्या कपाटातल्या त्या फाइलीची नक्कल आपल्या घरच्या कपाटात ठेवायची आणि तिच्यात एक ओळ घालायची : ‘नोडिस्प्ले’ बरोबर ‘ट्रू’. घरच्या नकलेला मान पहिला, त्यामुळे ती नोंद मेनूतून दिसेनाशी होते आणि पुढे प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली तरी आपली ओळ टिकते. प्रोग्रॅम जिवंतच असतो. ओळ काढली की नोंद परत हजर. हेही जमत नसेल तर मेनूलिब्रसारखा मेनू आवरायचा प्रोग्रॅम मिळतो. त्यात नुसती खूण करायची.

माझं म्हणणं इतकंच, की ही ओळ घालायला चिपळूणच्या बँकेतला कारकून का लागावा? दुसरं बिऱ्हाड आत घेतानाच यंत्राने विचारावं, ‘घरात तवा आहे, याचा तवा वर ठेवू का?’ एका कामाला मेनूत एक नाव. बाकीची निष्क्रिय खात्यात. मेनू म्हणजे काउंटर आहे, रुखवत नव्हे.

एका रविवारी मी एकाहत्तरांची सतरा केली. उरलेल्या एकुलत्या एका वहीत अण्णांची अकरा पानं जशीच्या तशी होती. मी हाक मारली. ते आले, चष्मा लावला आणि उभ्याउभ्या वाचू लागले. शेवटच्या पानावर 22 जुलै 2021 ची पहाट होती. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेतून, चिंचनाक्यावरून आमच्या दारात आलं. भिंतीवर 2005 च्या पुराची खूण होती. पाणी तिच्यावर गेलं, तेव्हा आम्ही माळ्यावर चढलो. माणसं चार आणि मोकळी जागा दीड माणसाची. चाळीस वर्षं ‘असू दे’ म्हणणाऱ्या अण्णांनी तेव्हा स्वतःच्या हाताने एकेक वस्तू खालच्या पाण्यात टाकली. स्टूल, काड्या, बरण्या, झाकणं. आम्ही कुणी बोललो नाही. ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेल्यातलं त्या दिवशी काहीही लागलं नाही. लागली ती फक्त जागा, आणि तीच काय ती आम्ही राखून ठेवली नव्हती.

अण्णा खुर्चीत बसले आणि बारावं पान लिहायला लागले.

मी विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेलो. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एवढं कॉम्प्युटरचं केलंत, तर जरा वर माळ्यावरही बघा.”

मी शिडी लावली. पूर ओसरला तेव्हा स्टूल कुठे वाहून गेलं ते कळलंच नव्हतं. पण तो सुटा पाय अंगणातल्या चिखलात सापडला होता. कुणीतरी तो स्वच्छ धुऊन, पुसून, जपून माळ्यावर ठेवला होता.

कुणी म्हणून काय विचारता? मीच.