घराची डागडुजी

दाराची बिजागरी कुरकुरू लागली, की घरातील माणसे पहिले चार दिवस कपाळाला आठ्या घालतात. पाचव्या दिवसापासून तो आवाज त्यांच्या अंगवळणी पडतो. खुर्चीचा पाय डुगडुगतो, म्हणून त्याखाली कागदाची घडी सरकवली जाते. नळ रात्रभर टपटपतो, म्हणून त्याखाली बादली ठेवली जाते. खरा उपाय मात्र होत नाही. सुतार यायचा असतो, नळ दुरुस्त करणारा यायचा असतो. आणि एवढ्याशा कामासाठी ते लवकर येत नाहीत, यात त्यांचा तरी काय दोष?

वस्तुतः यांपैकी पुष्कळशी कामे अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींनाही साधण्याजोगी असतात. ती अडून राहतात याचे कारण हे, की हातोडी धरणे हे शिकलेल्या माणसाचे काम नव्हे, अशी एक समजूत घरोघर नांदत असते. ही समजूत जितकी जुनी तितकीच पोकळ आहे. 1910 साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ ‘टॉलस्टॉय फार्म’ ही वसाहत उभी राहिली, तेव्हा गांधीजी नावाजलेले बॅरिस्टर होते. तरीही तेथे ते चपला शिवावयास शिकले, आणि बाकांपासून पेट्यांपर्यंतच्या वस्तू तेथील रहिवाशांनी स्वतःच तयार केल्या. पुढे 1937 मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत त्यांनी हस्तोद्योगाला शालेय शिक्षणाचा पाया मानावे, असा आग्रह धरला. हात आणि बुद्धी यांची फारकत त्यांना मान्य नव्हती. मुलींनी हातोडी धरू नये आणि मुलग्यांनी केरसुणी धरू नये, ही समजूतही याच जातीची. तिचाही निरोप घेतलेला बरा.

गळक्या नळाचेच पाहा. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाच्या चोवीस तासांत 86,400 थेंब पडतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी रोज चार लिटरांहून अधिक पाणी वाया गेले! साध्या मळसूत्री नळात या गळतीचे कारण बहुधा आतील रबराची झिजलेली वायसर एवढेच असते. टाकीकडून येणारे पाणी आधी बंद करावे, नळ उघडून जुनी वायसर काढावी आणि तिच्याच मापाची नवी बसवावी. पहिल्या खेपेस घरातील वडीलधारे माणूस शेजारी असावे. पाणी बंद करण्यास विसरणाऱ्यास मात्र न्हाणीघरात अवेळी स्नान घडते, आणि ते पुन्हा विसरले जात नाही.

खिळा ठोकणे हे सर्वांत सोपे काम, असे पाहणाऱ्यास वाटते. नवशिक्या हातोडी तिच्या डोक्याजवळ आवळून धरतो आणि पहिलाच घाव जोराने घालतो. मग खिळा वाकतो किंवा बोट चेचते. दांडा टोकाकडे धरावा, हलक्या ठोक्यांनी खिळा आधी उभा राहू द्यावा, आणि बोटे दूर केल्यावरच जोर लावावा. फळीच्या कडेला खिळा मारताना लाकूड चिरते. म्हणून जाणते सुतार खिळ्याचे टोक ठोकून किंचित बोथट करून घेतात. अणकुचीदार टोक लाकडाचे तंतू पाचरीसारखे फाकवते, तर बोथट टोक ते चेपून वाट काढते. प्रथम हा सराव टाकाऊ फळीवर करावा. दिवाणखान्याची भिंत ही सरावाची जागा नव्हे.

काही कामांत हात आवरणे हेच कौशल्य असते. पावसाळ्यात लाकूड हवेतील ओल शोषून रुंदीत फुगते आणि दार चौकटीत अडकते. उतावळा मनुष्य लगेच रंधा मागवतो. पण पाऊस सरला, हवा कोरडी झाली, की तेच दार आक्रसते, आणि तासलेल्या जागी फट पडून वारा शीळ घालू लागतो. तोवर घासणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळावी, तेवढ्याने भागते. विजेच्या तारांना मात्र मुलांनी मुळीच हात लावू नये. ते काम जाणकाराचेच. चुनकळी विरवतानाही दूरच उभे राहावे. तिच्यावर पाणी पडताच ती उकळल्यासारखी तापते, आणि तिचा शिंतोडा डोळ्याला मोठी इजा करतो. विरलेला चुना गाळून, डिंकाचे पाणी घालून तयार झाला, की मोठ्यांच्या देखरेखीखाली कुंचा फिरवण्यास हरकत नाही. भिंतीवर गेलेला हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच बनतो.

यावर कोणी असा आक्षेप घेतात, की घरोघरची माणसे अशी कामे करू लागली तर कारागिरांच्या पोटावर पाय येईल. हा आक्षेप सहज उडवून लावण्याजोगा नाही. परंतु व्यवहारात घडते ते निराळे. एका वायसरीसाठी किंवा चार खिळ्यांसाठी कारागिराचा अर्धा दिवस मोडतो. शिवाय, ज्याने स्वतः कधी करवत धरलेली नाही, तोच सुताराच्या मजुरीवरून घासाघीस करतो. एक फळी सरळ कापताना ज्या मुलाचे हात भरून आले, त्याची रेघ तरीही वाकडीच गेली, तो मुलगा दिवाळीनंतर दार नीट करण्यास आलेल्या सुतारापाशी उकिडवा बसतो. रंध्याखालून कागदासारखी पातळ, अखंड पट्टी निघताना तो पाहत राहतो, आणि ‘रंधा कसा धरायचा, काका?’ असे विचारतो.