पाहुण्यांच्या वाटीत टोमॅटो खरा हवा, चीजही खरे हवे

शिरूर आणि दौंड तालुक्यांत पाहुण्यांपुढच्या बशीत आता चिवड्याशेजारी चिप्स असतात आणि सोबत वाटीभर इटालियन धाटणीचे टोमॅटो-चीजचे डिप. यात नवल नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत इटलीच्या फियाटचा कारखाना आहे, दौंडला लागून असलेल्या बारामतीत पियाजिओ आणि फेरेरो या इटालियन कंपन्या आहेत, आणि पुणे-नगर असो की पुणे-सोलापूर, दोन्ही रस्त्यांवर पिझ्झा मिळतो. खंत एवढीच की हे डिप बहुतेक घरांत बाटलीतला सॉस आणि स्वस्तातले तयार चीज-स्प्रेड कालवून होते. ज्या पट्ट्यात टोमॅटो पिकतो आणि पहाटे-संध्याकाळी दूध संकलन केंद्रापुढे कॅनची रांग लागते, तिथे तरी ते घरच्या चुलीवर, खऱ्या टोमॅटोचे आणि खऱ्या दुधाच्या चीजचेच व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

आधी बाटलीत काय असते ते पाहू. पिकलेल्या टोमॅटोत साधारण ९४-९५ टक्के पाणी असते. अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांप्रमाणे केचपमध्ये मीठ वगळून किमान २५ टक्के विद्राव्य घन पदार्थ लागतात, पण ते सगळे टोमॅटोचेच असावेत असे बंधन नाही. साखरही त्यातच मोजली जाते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणून लेबल वाचले की साखर किती वर आहे ते लगेच कळते. चीजच्या बाबतीत प्रकरण याहून गंभीर आहे. दुधाची स्निग्धता काढून तिच्या जागी पामतेलासारखे वनस्पती तेल घातलेला पदार्थ चीजसारखा दिसतो, चीजसारखा वितळतो आणि बराच स्वस्त पडतो. त्याला ‘अॅनालॉग’ म्हणतात आणि तो दुग्धजन्य पदार्थ म्हणून विकता येत नाही. मार्च २०२५ मध्ये घोड नदीपलीकडच्या श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी बनावट पनीर थेट विधानसभेत नेऊन दाखवले होते. दुधाला भाव मिळत नाही म्हणून जानेवारी २०२४ पासून सरकारला गायीच्या दुधामागे लिटरला पाच रुपये अनुदान द्यावे लागले. त्याच मुलखातल्या पाहुणचारात दुधाच्या नावाखाली पामतेल वाढले जावे, हे मला सहन होत नाही.

आता घरी काय करावे लागते? आठ माणसांसाठी एक किलो लालबुंद, गच्च गराचे टोमॅटो घ्यावेत. बुडाला चीर देऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकले की साल सुटते. दोन चमचे शेंगदाणा तेलात दौंड तालुक्यातल्या केडगावच्या बाजारातला एक कांदा बारीक चिरून मऊ करावा, पाच-सहा पाकळ्या लसूण ठेचून घालावा, तो लाल होऊ देऊ नये. मग टोमॅटो घालून झाकण न ठेवता मध्यम आचेवर आटवावे. खरी कृती या आटवण्यातच आहे. अर्ध्या-पाऊण तासात गर निम्म्याहून कमी उरतो, कडेने तेल सुटते, आंबटपणा मऊ होतो आणि साखर न घालताही गोडी येते. पळी फिरवल्यावर पातेल्याचा तळ क्षणभर दिसला की गॅस बंद करायचा. चीज घालायचे ते यानंतर. टोमॅटोतले आम्ल आणि उकळती आच एकत्र आली की चीजमधली प्रथिने आवळतात, गुठळ्या होतात आणि तेल वेगळे तरंगते. म्हणून पातेले खाली उतरवून, दोन मिनिटे थांबून, किसलेले शंभर ग्रॅम चीज मुठीमुठीने घालत ढवळावे. पनीर इथे चालत नाही. ते उष्णता आणि आंबटपणाने फाडलेले असल्यामुळे वितळत नाही, कण होऊन राहते. वासासाठी इटालियन बेसिल शोधत पुण्याला जायचेही कारण नाही. सब्जाचे बी ज्या झाडाचे असते, ते बेसिलच्याच जातीचे. कुंडीतल्या सब्जाची चार पाने वरून तोडून टाकावीत. वास थोडा वेगळा येतो, पण ताजा येतो. ओरेगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा चोळून घालावा. दोघांचा वास एकाच घराण्यातला आहे.

‘हे आपले नव्हे, पाहुण्याला पोहे द्या’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. पोह्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण आपले-परके ठरवताना इटलीकडेच पाहावे. सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्समध्ये आन्तोनियो लातीनीने टोमॅटोच्या सॉसची कृती छापली, तेव्हा त्याने तिला स्पॅनिश पद्धतीचा सॉस म्हटले होते. टोमॅटो अमेरिकेतून तिथेही पाहुणाच आला होता. शेतात पिकवून, घरात आटवून त्यांनी तो आपला केला. आपल्याकडे तर पिकवण्याचे काम आधीच झाले आहे. जुन्नरचे नारायणगाव हा टोमॅटोचा नावाजलेला बाजार शिरूरच्या शेजारच्याच तालुक्यात आहे, आणि मंचर व बारामती इथे चीजचे मोठे कारखाने आहेत. हे डिप मैद्याच्या चिप्ससोबतच खावे असेही नाही. शिरूरची बाजरीची भाकरी तव्यावर कुरकुरीत करून तुकडे करावेत, किंवा सोलापूरची कडक भाकरी मोडून द्यावी. चीजच्या चिकटपणाला हा खरपूस कोरडेपणा फार शोभतो.

दुसरा आक्षेप भावाचा, आणि तो खरा आहे. २०२३ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांवर टोमॅटो फेकून द्यायची वेळ आली, आणि जुलैत तोच टोमॅटो किरकोळ बाजारात शंभर रुपयांच्या पुढे, काही ठिकाणी दोनशेपर्यंत गेला. भाव चढलेला असताना किलोभर टोमॅटो आटवा असे कोणत्याही गृहिणीला सांगू नये. पण याचे उत्तर बाटली नव्हे. दक्षिण इटलीत ऑगस्टमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे एकत्र बसून वर्षभराचा टोमॅटोचा रस करून ठेवतात. आपणही भाव पडले की क्रेटभर आणून, आटवून, छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये ठेवू शकतो. वीज बेभरवशाची असेल तिथे मात्र हा साठा करू नये, लागेल तेवढेच ताजे करावे.

चीजमधल्या मिठाचा आणि चरबीचा आक्षेप उरतो. शंभर ग्रॅम आठ जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला बारा-तेरा ग्रॅम येते. वरून मीठ घालायचे नाही, एवढे पथ्य पाळले की पुरे. एका घराच्या वाटीने टोमॅटोचा बाजार सावरणार आहे का, असेही कोणी विचारील. नाही सावरणार. त्यासाठी प्रक्रिया उद्योग हवेत, शीतगृहे हवीत. केंद्राने २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाट्यासाठी ‘ऑपरेशन ग्रीन्स’ला ५०० कोटी रुपये जाहीर केले ते याच गरजेपोटी. पण आलेल्या माणसापुढे आपण काय ठेवतो हा प्रश्न बाजाराच्या आधीचा आहे, आणि तो सरकारच्या नव्हे, आपल्या हातात आहे.

महिला बचत गटांनी आणि रस्त्याकडेच्या हॉटेलांनी हे डिप ताजे करून विकावे; शिरूरला आणि दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला थांबणाऱ्या गाड्या काही कमी नाहीत. आणि घरच्यांना एवढीच विनंती, की चीज घेताना पाकीट उलटून बारीक अक्षरे वाचा. यादीत पहिला शब्द दूध किंवा चीज नसेल, वनस्पती तेल असेल, तर ते पाकीट दुकानदाराला परत द्या.