घसरगुंडी मोजू नका, माणसं मोजा

पर्यटनाच्या बाजारात 'फॅमिली-फ्रेंडली'इतका स्वस्त शब्द दुसरा नाही. तो कुणीही कशालाही चिकटवावा, परवाना लागत नाही. मायामीहून सुटणाऱ्या कुठल्याही कॅरिबियन क्रूझचं शोअर एक्सकर्शनचं पान उघडा. कॅटामरान आणि स्नॉर्कलिंगच्या सहलींवर हा शिक्का जागोजागी दिसेल. सोबत फोटो: बोटीवरून थेट पाण्यात उतरणारी घसरगुंडी, हातात रम पंच, हसणारी चार माणसं. बोटीवर एकूण किती माणसं असतील, हे त्या फोटोत दिसत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हा शिक्का बघून सहल निवडणं म्हणजे डोळे मिटून निवडणं. घरातलं बुकिंग बहुतेक वेळा तुम्हीच फोनवरून करता, म्हणून हे तुम्हालाच सांगतोय. न्यू जर्सी किंवा डॅलसमधल्या मराठी घरांतून क्रूझला निघतात तेव्हा बरेचदा तीन पिढ्या एकत्र असतात. सात वर्षांचा नातू, भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा आणि मधली दोघं. यातल्या किती जणांना पोहता येतं, ते एकदा बोटांवर मोजा.

दोष कॅटामरानचा नाही. दोन सांगाड्यांवर तरंगणारी ही बोट एका सांगाड्याच्या शिडाच्या बोटीसारखी एका बाजूला कलत नाही, उथळ पाण्यात प्रवाळापर्यंत जाऊ शकते, आणि पुढच्या जाळीवर मुलं मजेत लोळतात. पण रुंद डेक म्हणजे जास्त तिकिटं. शंभराच्या आसपास माणसं नेणाऱ्या कॅटामरान आहेत. ती सगळी एकाच अर्ध्या तासात, एकाच जागी पाण्यात उतरतात. पाण्यात त्यांच्यासोबत गाइड किती? हा आकडा जाहिरातीत शोधून दाखवा.

स्नॉर्कल करणारा माणूस पाण्यावर पालथा, हातपाय सैल सोडून तरंगतो. बुडालेला माणूसही तसाच दिसतो. बुडणारा ओरडत नाही, कारण ओरडायला श्वासच उरलेला नसतो. डेकवरून पन्नास पाठी बघणाऱ्याला त्यातली कुठली पाठ अडचणीत आहे हे कसं कळणार? आणि गळ्यात अडकवून देतात ते तोंडाने हवा भरायचं पातळ व्हेस्ट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

त्यात रम. शेवटचं पोहणं झाल्यावर बार उघडत असेल तर माझी हरकत नाही. पण दोन थांब्यांच्या सहलीत तो पहिल्या थांब्यानंतरच उघडत असेल, तर दुसऱ्या थांब्यावर तुमच्या मुलाकडे लक्ष ठेवणारा माणूस दोन पेले रिचवून बसलेला असेल. तो माणूस म्हणजे मुलाचा बाप.

आता यावरचं नेहमीचं उत्तर: "क्रूझ कंपनीकडूनच घ्यायचं, म्हणजे उशीर झाला तरी जहाज थांबतं." खरं आहे, आणि हा फायदा छोटा नाही. मेक्सिकोच्या कोझुमेलला तर घड्याळाचाच घोळ असतो. २०१५पासून तिथे वर्षभर एकच वेळ चालते, त्यामुळे उन्हाळ्यात तिथलं घड्याळ मायामीच्या एक तास मागे असतं. स्वतः बोट ठरवून गेलात आणि बेटावरची वेळ धरून बसलात, तर जहाज निघून गेलेलं असेल. पण जहाज थांबतं याचा अर्थ बोट सुरक्षित आहे असा होत नाही. सहल स्थानिक कंपनीच चालवते. जहाजाच्या तिकिटाच्या अटी वाचा. हे लोक स्वतंत्र कंत्राटदार आहेत, त्यांच्या चुकीला आम्ही जबाबदार नाही, असं तिथे बारीक अक्षरांत सापडेल. विकताना आपलं नाव आणि निस्तरताना त्यांचं!

आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो प्रवाळ? प्रवाळाच्या ऊती गळून पडणारा एक रोग २०१४मध्ये मायामीजवळ दिसला, २०१८मध्ये कोझुमेलला आणि २०२०मध्ये ग्रँड केमनला पोचला. ब्रेन कोरलसारखे जुने, मोठे प्रवाळ त्यात मेले. २०२३च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की उरलेल्यांतलेही पुष्कळ पांढरे पडले. अशा जागी दमलेली माणसं प्रवाळावरच पाय टेकून उभी राहतात. ग्रँड केमनच्या स्टिंगरे सिटीत पाकटांना स्क्विड भरवतात, उचलून त्यांचा मुका घ्यायला लावतात, आणि सात वर्षांचं नशीब मिळतं म्हणून सांगतात. हा मासा मुळात एकटा राहणारा, रात्री अन्न शोधणारा. तिथे तो दिवसा, घोळक्याने, माणसांची वाट बघतो. मुलाला समुद्र दाखवायला नेलं आणि दाखवली सर्कस.

"छोटी बोट महाग पडते," हेही ऐकलंय. पडते. मग तीन बंदरांवर तीन सहली करण्याऐवजी एकच चांगली करा. किंवा बोटच नको. सेंट थॉमसला जहाज लागलं तर फेरीने सेंट जॉनला जाता येतं. तिथल्या ट्रंक बेच्या वाळूवरून चालत पाण्यात शिरायचं, आणि पाण्याखाली माहितीच्या पाट्या लावलेली वाट आहे. मुलांना लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट घाला, सनस्क्रीन कमी लागेल. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट किंवा ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये २०२०पासून बंदीच आहे.

बुकिंगआधी लेखी विचारा: बोटीवर जास्तीत जास्त किती माणसं? पाण्यात किती गाइड? मुलाच्या मापाचं खरं लाइफ जॅकेट आणि मास्क आहे का? बार केव्हा उघडतो? माशांना खायला घालता का? उत्तर म्हणून पुन्हा घसरगुंडीचाच फोटो आला, तर पैसे भरू नका. आणि आजीला पाण्यात उतरायचं नसेल तर "एवढे डॉलर भरलेत" म्हणून तिला ढकलू नका. ती जाळीवर बसून समुद्र बघेल. तिचंही तिकीट वसूल झालेलं असतं.