उलटी प्रदक्षिणा

'मोटारी गोल गोल फिरणार, त्यात बघायचं काय?' असं आमच्या कट्ट्यावरचे विद्वान विचारतात. मीही विचारायचो. पण मुलाने भाड्याच्या मोटारघरात बसवून मला अलाबामातल्या टॅलाडेगाला नेलं. विंचवाचं बिऱ्हाड, फक्त संडास-बाथरूमसकट! शर्यतीच्या रिंगणाच्या आत अशी कितीतरी बिऱ्हाडं. शेजारच्या गृहस्थाने नाव विचारायच्या आत माझ्या हातात भाजलेलं कणीस ठेवलं. आमच्या सोसायटीत नाव कळायलाच चार वर्षं लागतात.

मग २.६६ मैलांच्या १८८ फेऱ्या! कान किटले, हे कबूल. पण शेजाऱ्याने डेल अर्नहार्टची गोष्ट सांगितली. त्याच्या गाडीचा आकडा तीन. २००१ साली डेटोनाला शेवटच्या फेरीत तो गेला. मग त्या मोसमात तिसऱ्या फेरीला लोक तीन बोटं वर करून स्तब्ध उभे राहत. सांगताना त्या धिप्पाड माणसाचा आवाज कापला. ह्याला अडाण्यांचा गोंधळ म्हणायचं?

पाच दिवस कसोटी बघून अनिर्णित निकाल घेऊन घरी येणाऱ्यांनी तरी हसू नये. आणि गोल फिरण्याचं म्हणाल, तर प्रदक्षिणा आपणही घालतोच की! आपण उजवीकडे वळतो, ते डावीकडे. एवढाच काय तो फरक.