आराखड्याचा अभिप्रेत वाचक

मराठीच्या अध्यापकांनी सार्वजनिक स्वच्छतागृहांवर लिहावे, हे काहींना विषयांतर वाटेल. पण या प्रश्नावर उच्च न्यायालयात दाद मागितली ती एका मराठी मासिकाने, याचे स्मरण प्रारंभीच करून द्यावेसे वाटते. विद्या बाळ यांनी १९८९ साली पुण्यात सुरू केलेल्या 'मिळून साऱ्याजणी'च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला आणि घराबाहेर वावरणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची योजना आखण्याचे आदेश राज्यातील महापालिकांना दिले. वस्तुतः सार्वजनिक शौचालये व मुताऱ्या बांधणे आणि स्वच्छ ठेवणे हे महापालिकांचे बंधनकारक कर्तव्य १९४९च्या अधिनियमात, कलम ६३ मध्ये, आधीपासूनच नोंदलेले आहे. तेव्हा स्वच्छतागृहे हवीत की नकोत, हा वाद आता उरलेला नाही. ती कशी हवीत आणि हे कोणी ठरवायचे, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात पुस्तके घ्यायला औरंगपुऱ्यात जा, असे आम्ही विद्यार्थ्यांना सहज सांगतो. पैठण-कन्नडकडून एसटीने येणाऱ्या मुलींसाठी त्या सांगण्याचा अर्थ काय होतो, हे आम्हांला उशिरा कळले. बाजारात जायचे असले की सकाळपासून पाणी पीत नाही, असे एकीने वर्गाबाहेर बोलताना सांगितले. इतरांनी नुसत्या माना डोलावल्या. त्यांच्या दृष्टीने ती तक्रार नव्हतीच; रोजच्या व्यवहारातली एक सवय होती.

समीक्षेत आपण 'अभिप्रेत वाचक' ही संकल्पना शिकवतो. प्रत्येक संहिता कोणीतरी वाचणार असे धरून रचलेली असते. वास्तूच्या आराखड्यालाही असा वाचक असतो. आपल्या शहरांतील मुतारीचा अभिप्रेत वाचक पुरुष आहे. हाती सामान नसलेला, घाईतला, गुडघे न दुखणारा. पुरुष व स्त्रियांना सारखेच क्षेत्रफळ दिले की समता साधली, असे कागदावर भासते. प्रत्यक्षात तेवढ्याच जागेत पुरुषांची सोय अधिक संख्येने होते, आणि स्त्रियांना लुगडे, ओढणी, पिशवी, कडेवरचे मूल सांभाळत अधिक वेळ लागतो. म्हणून चौरस फूट मोजण्याऐवजी आसने मोजली पाहिजेत. पिशवी अडकवायला खुंटी, आतून लागणारी कडी, मासिक पाळीच्या दिवसांसाठी झाकणाची पेटी, वृद्धेला उठताना धरायला दांडी या गोष्टी क्षुल्लक नाहीत. आराखडा कोणासाठी आहे, ते याच गोष्टींवरून ओळखता येते.

गेल्या दशकात महाराष्ट्राने दोन उदाहरणे पाहिली. पुण्यात २०१६ साली जुन्या बसगाड्यांची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे करण्यात आली, ती 'ती' या नावाने. मुंबईत २०१८ साली मरीन ड्राइव्हवर सुमारे ९० लाख रुपये खर्चाचे स्वच्छतागृह उभे राहिले, सौरऊर्जेवर चालणारे. दुसऱ्याच्या बांधणीचे कौतुक अवश्य करावे. परंतु गुलमंडीला अनुकरण करायचेच असेल तर पहिल्यातील प्रश्नाचे करावे. तिथे 'कोणासाठी?' हा प्रश्न आधी विचारला गेला होता.

आणखी एक धडा याच मातीतला आहे. मलिक अंबरने वसवलेल्या या नगरात सतराव्या शतकात जमिनीखालून नहरींचे जाळे आखले गेले. शहराच्या रचनेत पाणी आधी आले. आज जायकवाडीचे धरण जवळ असूनही नळाची वाट दिवसच्या दिवस पाहणे या शहराने वर्षानुवर्षे अनुभवले आहे. अशा ठिकाणी चकचकीत फरशी आणि कोरडी टाकी असलेला आराखडा म्हणजे काही महिन्यांत कुलूप. निविदेत कमानीच्या नक्षीआधी पाण्याची साठवण लिहिलेली असावी, आणि झाडणाऱ्या व्यक्तीचे वेतन, हातमोजे व विश्रांतीची जागाही. मैला साफ करण्याचे काम जातीच्या माथी मारणाऱ्या समाजात तिचा विचार न करणारा कोणताही आराखडा अपुराच ठरतो.

खर्चाचा आक्षेप येईल. देखभाल पैशांविना होत नाही, हे खरेच आहे. परंतु शुल्क लावायचे तर ते स्त्रियांनीच का द्यावे, हा मुंबईतील 'राइट टू पी' चळवळीने २०११ पासून लावून धरलेला प्रश्न अजून उत्तराची वाट पाहतो आहे.

आमची मागणी मोठी नाही. नकाशा मंजूर होण्याआधी तो मंडईत भाजी विकणाऱ्या बाईला, एसटीच्या महिला वाहकाला, सफाई कामगाराला आणि आमच्या त्या विद्यार्थिनीला दाखवावा. त्यांच्या हरकती लेखी नोंदवाव्यात आणि कोणती स्वीकारली, कोणती नाही, हे जाहीर करावे. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून आपण मिरवतो. त्या शहरात आतून कडी लागणारे आणखी काही दरवाजे मागणे अवाजवी आहे, असे आम्हांला वाटत नाही.