स्कॅन म्हणजे स्कॅन नव्हे, काका!

परवा काकांचा फोन. "अगं, त्या एमआरआयच्या नळकांड्यात अर्धा तास कशाला पडून राहतेस? सीटी काढ, पाच मिनिटांत मोकळी!" हेच मी मागच्या वर्षीही ऐकलं होतं, म्हणून आज जरा चिडूनच लिहितेय. काका हा ब्लॉग वाचतात. वाचा, काका.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: माझ्या डोक्यात मेनिंजिओमा आहे. मेंदूत नव्हे, मेंदूवरच्या आवरणात. साधी गाठ, कॅन्सर नाही. २०२१ मध्ये भलत्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये सापडली, १४ मिलिमीटर. त्रास काही नाही, तेव्हा आधी सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी एमआरआय काढून लक्ष ठेवायचं, एवढंच ठरलं.

मागच्या वर्षी मशीन बंद. तारीख मिळेना. "सीटी करून टाका, एकच आहे," असं दुसऱ्या एका सेंटरवाल्याने सांगितलं आणि मीही मान डोलावली, कारण मला त्या नळकांड्याची भीती वाटते. (हो, चाळिशीतही!) रिपोर्ट आला: १७ मिलिमीटर. घरावर सुतकी कळा. आईने उपास धरले, भाऊ ऑपरेशनच्या खर्चाचा हिशेब मांडायला लागला, मला आठ रात्री झोप नाही. मग न्यूरोसर्जननी जुन्या फिल्म शेजारी लावल्या आणि म्हणाले, यंत्र वेगळं, स्लाइसची जाडी वेगळी, मोजायचा कोन वेगळा, मग ताडून बघायचं कशाशी? पुन्हा एमआरआय. १४! तेवढीच्या तेवढी.

सीटी वाईट असं मी म्हणत नाहीये. डोक्याला मार लागलाय, आत रक्तस्राव आहे का बघायचंय, तिथे सीटीच. गाठीत साठलेलं कॅल्शियम, कवटीचं हाड, हे त्यात जास्त चांगलं दिसतं. किरणांचा बाऊही करणार नाही. डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून वर्षभरात मिळतात जवळपास तेवढेच. पण वीस-तीस वर्षं लक्ष ठेवायचं असेल तर तो भार विनाकारण का घ्या?

एमआरआयचंही सगळं गोडगोड नाही. काँट्रास्टमधलं गॅडोलिनियम थोडंफार शरीरात राहतं, मेंदूतही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तसा इशारा औषधाच्या माहितीत घालायला लावला. म्हणून मी दरवेळी विचारते, कोणतं काँट्रास्ट, आणि या खेपेला हवंच का? (मॅक्रोसायक्लिक हे लिनियरपेक्षा कमी साठतं, एवढं पाठ झालंय.) "तुम्ही डॉक्टर आहात का?" तिथला टेक्निशियन. नाही बाबा, पण डोकं माझं आहे.

आणि "एकदा पेट स्कॅनच करून टाक" म्हणणाऱ्या ताईस: नेहमीच्या पेटमध्ये साखर कुठे जास्त खर्च होते ते दिसतं, आणि मेंदू मुळातच साखरेवर चालतो, सगळा उजळलेला. त्यात ही आळशी गाठ काय दिसणार, कप्पाळ?

असो. मार्चमध्ये पुन्हा एमआरआय, पहिला जिथे काढला त्याच मशीनवर. जुन्या सीड्या आत्ताच पिशवीत भरून ठेवल्यात. काका, सोबतीला या, बाहेर बसून धडधड ऐका :-)