ध्रुवप्रदेशांतील संशोधन आणि संशोधकाचें शील

वर्गाच्या भिंतीवर टांगलेल्या पृथ्वीच्या नकाशाकडे पाहिलें असतां अगदीं वरच्या व अगदीं खालच्या कडेस एक पांढरा पट्टा दृष्टीस पडतो. त्यावर नांवें थोडीं आणि शहरें जवळजवळ नाहींतच. यामुळें बहुतेक विद्यार्थ्यांची अशी समजूत होते कीं, तेथें बर्फावांचून कांहीं नाहीं आणि परीक्षेच्या दृष्टीनेंहि तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं. पालकांपैकीं कित्येकांचा प्रश्न याहून पुढचा असतो. ते विचारतात, "त्या ओसाड बर्फांत आयुष्य घालविणाऱ्या संशोधकांची माहिती आमच्या मुलांस कशाला? तेणेंकरून त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न सुटणार आहे काय?" प्रश्न रास्त आहे व त्यास सरळ उत्तर दिलें पाहिजे.

माझें उत्तर असें आहे. ध्रुवप्रदेशांतील प्राणी, वनस्पति व मानव यांविषयीं जें संशोधन झालें, त्याचा इतिहास ही संशोधकाच्या शीलाची परीक्षा आहे. जेथें थंडी, उपासमार व अंतर हीं तिन्ही मनुष्याच्या विरुद्ध उभीं असतात, तेथें त्याच्या अंगचे गुण व दोष झांकून राहत नाहींत. शास्त्राला बुद्धि लागते हें आपण मुलांस सांगतोंच. पण निष्ठा, विनय व माणुसकी हे तीन गुण बुद्धीच्या जोडीस नसतील तर ती बुद्धि निष्फळ ठरते, चुकते, आणि प्रसंगीं क्रूरहि होते, हें आपण त्यांस पुरेसें सांगत नाहीं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दोन्ही ध्रुव एकसारखे नाहींत. उत्तर ध्रुवावर गोठलेला महासागर असून त्याच्या सभोंवार आशिया, यूरोप व अमेरिका या खंडांचे किनारे आहेत. दक्षिण ध्रुवावर एक विस्तीर्ण खंड असून त्याच्या सभोंवार महासागर आहे. उत्तरेस मनुष्याची वस्ती हजारों वर्षांची आहे. अलास्का, कॅनडा व ग्रीनलंड येथें इन्युइट व त्यांचे भाऊबंद, स्कॅन्डिनेव्हियाच्या उत्तर भागांत रेनडिअर पाळणारे सामी, सैबेरियांत नेनेत्स व चुकची असे अनेक समाज तेथें नांदत आले आहेत. आज त्या प्रदेशांत सुमारें ४० लाख लोक राहतात व त्यांपैकीं अदमासें एक दशांश हे तेथील मूळचे रहिवासी होत. दक्षिणेकडील अंटार्क्टिका खंडांत मात्र मूळचा रहिवासी कोणीच नाहीं. आणि फुलें येणाऱ्या वनस्पति म्हणाल तर तेथें स्वभावतः उगवणाऱ्या अवघ्या दोन आहेत, एक बारीक गवत व दुसरी उशीसारखी दाट वाढणारी एक बुटकी वनस्पति.

परंतु त्या खंडावर सदैव असें उजाड नव्हतें. आणि हें आपणांस ज्या रीतीनें कळलें, तींत पहिल्या गुणाचा, म्हणजे निष्ठेचा, धडा आहे. जानेवारी १९१२ मध्यें इंग्रज कप्तान रॉबर्ट स्कॉट आपल्या चार सोबत्यांसह दक्षिण ध्रुवावर पोंचला, तेव्हां नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन त्याच्या आधीं महिनाभर, १४ डिसेंबर १९११ रोजीं, तेथें जाऊन गेला होता. पराभूत मनानें हे पांच जण परत फिरले. वाटेंत, ८ फेब्रुवारी रोजीं, बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्याजवळ बक्ली पर्वतापाशीं त्यांनीं मुक्काम केला, आणि मंडळींतील डॉ. एडवर्ड विल्सन यांनीं तेथील खडकांतून वनस्पतींचे ठसे असलेले दगड गोळा केले. पुढें अन्न सरत आलें, पाय हिमानें सडूं लागले, दोघे सोबती वाटेंतच मरण पावले. तरी ते दगड कोणीं टाकून दिले नाहींत. १२ नोव्हेंबर १९१२ रोजीं शोधपथकास बर्फांत गाडलेला तंबू सांपडला. आंत स्कॉट, विल्सन व बावर्स यांचे देह होते, आणि जवळच्या घसरगाडीवर सुमारें ३५ पौंड, म्हणजे जवळजवळ १६ किलो, वजनाचे ते दगड होते.

केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यांनीं ते तपासून १९१४ सालीं जाहीर केलें कीं, त्यांतील पानें ग्लॉसोप्टेरिस नांवाच्या फार प्राचीन वृक्षाचीं आहेत. पान जिभेच्या आकाराचें, म्हणून हें नांव. हा वृक्ष पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं होऊन गेला. आतां आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें कान द्यावा. याच पानाचे ठसे भारतांतील दगडी कोळशाच्या थरांत विपुल सांपडतात, आणि नागपुराजवळील कामठीच्या खडकांतहि आहेत. स्कॉटच्या मंडळींपूर्वीं अर्धशतक, रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप नांवाच्या स्कॉटिश मिशनऱ्यानें नागपूर प्रांतांत शाळा चालवीत, मराठीत उपदेश करीत, फावल्या वेळीं असे दगड जमविले होते. त्यांचें वर्णन १८६१ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. आपल्या पायाखालचा दगड कधीं काळीं दक्षिण ध्रुवाकडील दगडाशीं ताडून पाहिला जाईल, अशी कल्पनाहि त्या पाद्रीबोवांस नसेल. भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया हे भूभाग पूर्वीं एकत्र होते, या सिद्धान्तास या पानानें मोठा आधार दिला. आणि त्या एकत्र भूखंडास जें गोंडवन हें नांव जगभर रूढ झालें, तें आपल्या मध्य हिंदुस्थानांतील गोंड लोकांच्या देशावरून.

स्कॉटच्या मोहिमेच्या योजनेंत चुका होत्या यांत शंका नाहीं, आणि मरणाला कवटाळणें म्हणजे पराक्रम असें मुलांनीं मानूं नये. आदर करावयाचा तो त्यांच्या निष्ठेचा. शर्यत हरली असतांहि त्यांनीं काम सोडलें नाहीं. आजच्या विद्यार्थ्यास पहिला नंबर हुकला कीं विषयच नकोसा होतो. त्यानें या दगडांची गोष्ट आठवावी. पहिला नंबर अमुंडसेनचा होता व तो त्यानें न्यायानें मिळविला. परंतु ध्रुवावर दुसरा येणाऱ्यांनीं आणलेल्या दगडांनीं पृथ्वीच्या इतिहासाचें एक पान उघडलें.

दुसरा गुण विनय. अलास्काच्या उत्तर टोंकास बॅरो नांवाचें गांव होतें. २०१६ सालीं त्यास उत्किआग्विक हें तेथील लोकांच्या भाषेंतील नांव परत देण्यांत आलें. तेथील इन्युपिआट लोक बोहेड जातीच्या देवमाशावर पिढ्यानपिढ्या गुजराण करीत आले आहेत. एकोणिसाव्या शतकांत बाहेरून आलेल्या व्यापारी शिकाऱ्यांनीं तेलासाठीं व जबड्यांतील लवचिक पट्ट्यांसाठीं या देवमाशांचा भयंकर संहार केला होता. १९७७ सालीं शास्त्रज्ञांनीं अंदाज केला कीं, आतां ते फार तर एकदोन हजारच उरले असावेत. आणि आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानें गांवकऱ्यांच्या शिकारीवरहि बंदी घातली. हेतु चांगला होता. परंतु ही संख्या आली कोठून? वसंत ऋतूंत समुद्रावरील बर्फास ज्या लांब भेगा पडतात, त्यांच्या कांठीं उभे राहून दृष्टीस पडतील तितके देवमासे मोजावयाचे, अशी ती रीत होती.

गांवांतील वृद्ध शिकारी म्हणाले, "तुम्ही मोजतां ते थोडेच आहेत. पुष्कळ देवमासे भेगांपासून दूर, सलग बर्फाच्या खालून जातात, आणि डोक्यानें बर्फ वर उचलून श्वास घेतात. तुम्हांस ते दिसणार कसे?" ज्यांच्याजवळ पदवी नव्हती, ज्यांचा हिशेब कागदावर नव्हता, त्यांचें हें म्हणणें प्रथम फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. पुढें कांहीं संशोधकांनीं मात्र तें ऐकून घेतलें व तपासून पाहण्याचें ठरविलें. १९८० नंतरच्या दशकांत बर्फाखालीं पाण्यांत आवाज टिपणारीं यंत्रें सोडण्यांत आलीं. देवमाशांच्या हांका ऐकूं येऊं लागल्या, आणि शिकारी सांगत होते तसेच ते दूर बर्फाखालून जात असल्याचें सिद्ध झालें. २०११ च्या गणनेंत त्यांची संख्या १६ हजारांच्या वर भरली. मधल्या काळांत देवमासे वाढले हें खरें. परंतु मूळचा आंकडा फारच अपुरा होता, हेंहि तितकेंच खरें. बंदीच्या जागीं मर्यादित शिकारीची परवानगी आली, आणि गांवकरी व शास्त्रज्ञ मिळून गणना करूं लागले.

या गोष्टींतील मर्म नीट समजून घ्यावें. अडाण्याचें म्हणणें नेहमीं खरें आणि पंडिताचें नेहमीं खोटें, असा याचा अर्थ नव्हे. शिकाऱ्यांचा शब्द यंत्रानें तपासला गेला, म्हणूनच तो जगानें मानला. परंतु तो ऐकलाच नसता तर तपासण्याचें सुचलें तरी कोणाला असतें? विनय म्हणजे स्वतःस हीन मानणें नव्हे. आपणांस न दिसणारें दुसऱ्यास दिसत असेल, एवढी शक्यता मनांत जागी ठेवणें म्हणजे विनय.

तिसरा गुण माणुसकी, आणि तिची उणीव किती भयंकर होते, हें सांगणें मला कर्तव्य वाटतें. १८९७ सालीं रॉबर्ट पिअरी यानें ग्रीनलंडच्या वायव्य भागांतून सहा इन्युइट माणसें न्यूयॉर्क येथें आणलीं, आणि त्यांस अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या पदार्थसंग्रहालयांत अभ्यासासाठीं ठेवण्यांत आलें. त्यांत किसुक नांवाचा एक शिकारी व त्याचा मिनिक नांवाचा सहासात वर्षांचा मुलगा होता. त्या अनोळखी हवेंत त्यांना क्षयानें गांठलें. किसुक धरून चौघे थोड्याच महिन्यांत वारले, आणि एक जण मायदेशीं परतला. पोरका मिनिक तेवढा मागें राहिला. त्याचें समाधान व्हावें म्हणून संग्रहालयाच्या लोकांनीं त्याच्यासमोर बापाचा दफनविधि केला. परंतु तो खोटा होता. किसुकचीं हाडें संग्रहालयांतच ठेवलीं होतीं. मोठेपणीं हें मिनिकला कळलें. त्यानें बापाचा देह मागितला. तो त्यास मिळाला नाहीं. १९१८ सालीं तो इन्फ्ल्यूएंझाच्या सांथींत मरण पावला. त्या चौघांचे अवशेष ग्रीनलंडमध्यें कानाक येथें परत जाऊन मातीआड झाले ते १९९३ सालीं.

त्या संग्रहालयांतील माणसें अशिक्षित नव्हतीं. ज्ञानाची हौस त्यांना पुष्कळ होती. पण आपल्यापुढें उभें असलेलें लेकरूं हें आधीं लेकरूं आहे, एवढें त्यांच्या ध्यानांत राहिलें नाहीं. शेजाऱ्यावर आपणांसारखी प्रीति करावी हें ज्यांस लहानपणीं शिकविलें जातें, त्यांनीं हा प्रसंग विसरतां कामा नये. शेजारी प्रयोगशाळेच्या दारांत आला म्हणून तो नमुना होत नाहीं.

याच्या उलट उदाहरणहि त्याच लोकांच्या इतिहासांत आहे. ग्रीनलंडमध्यें एका डॅनिश मिशनऱ्याच्या घरीं १८७९ सालीं जन्मलेला क्नुद रासमुसेन लहानपणापासून इन्युइटांची भाषा बोलत वाढला, कुत्र्यांची गाडी हांकावयास शिकला. १९२१ ते १९२४ या काळांत त्यानें उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून कॅनडा ओलांडून अलास्कापर्यंत प्रवास केला. वाटेंत तो त्यांच्या झोंपड्यांत राहिला, त्यांचें अन्न खाल्लें, आणि त्यांच्या कथा, गाणीं व श्रद्धा त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घेतल्या. त्याच्या मंडळीनें केलेल्या नोंदी आजहि मोलाच्या मानल्या जातात. लोकांनीं त्याच्यापाशीं मन उघडलें, कारण तो त्यांच्या दारीं पाहुणा म्हणून गेला होता.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे वळतों. पोटापाण्याचेंच म्हणाल तर हें क्षेत्र आपल्या मुलांस बंद नाहीं. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्यें गोव्याहूनच निघाली. आज दक्षिणेस मैत्री व भारती, आणि उत्तरेस स्वालबार्ड द्वीपसमूहावर हिमाद्रि, अशीं आपलीं संशोधनकेंद्रें आहेत, व त्यांचा कारभार पाहणारी राष्ट्रीय संस्था गोव्यांत वास्को येथें आहे. शिवाय ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील बर्फ वितळून जगांतील समुद्र चढत आहेत; मुंबई व कोंकण यांच्या किनाऱ्यांस हा प्रश्न परका नाहीं. तथापि माझा मुख्य आग्रह याहून वेगळा आहे. शंभरांतील एखादाच विद्यार्थी ध्रुवप्रदेशांत जाईल; परंतु निष्ठा, विनय व माणुसकी यांची गरज शंभरांनाहि आहे, मग ते डॉक्टर होवोत, कारकून होवोत कीं शेतकरी होवोत.

म्हणून विद्यार्थीमित्रांनो, शास्त्राचा अभ्यास केवळ उत्तरपत्रिकेसाठीं करूं नका. एक वही ठेवा. डोळ्यांनीं पाहिलेलें त्याच दिवशीं तींत लिहा, आणि न पाहिलेलें लिहूं नका. समुद्राविषयीं कोळ्यास, पावसाविषयीं शेतकऱ्यास, रानाविषयीं रानांत राहणाऱ्यास विचारा. त्यांचें उत्तर आदरानें ऐका आणि मग तपासून पाहा. आणि पालकांस माझी हात जोडून विनंति आहे कीं, आपला मुलगा किंवा मुलगी खिशांत दगड भरून अथवा हातांत वाळकीं पानें घेऊन घरीं आली, तर तीं बाहेर फेकण्यापूर्वीं, हीं कोठें सांपडलीं, एवढें तरी एकदां विचारावें.